गाडी ओढेनाशी झाली म्हणजे टर्बोच गेला असे नव्हे

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ आणि खंडाळा मागे पडले की खंबाटकीचा घाट लागतो. परतताना बोगदा मिळतो, पण घाटाच्या रस्त्याने जाताना चढण चुकत नाही, आणि त्यामुळे या वाटेने नेहमी जाणाऱ्या डिझेल गाड्यांची खरी परीक्षा तिथेच होते. माझी दीड लिटर इंजिनाची, नऊ वर्षे वापरलेली गाडी हा घाट तिसऱ्या गिअरमध्ये बिनतक्रार चढत असे. एका मे महिन्यात मात्र पहिल्या वळणानंतरच तिचा दम संपला. पाय पूर्ण दाबूनही वेग वाढेना, दुसरा गिअर टाकावा लागला, आरशात काळा धूर दिसू लागला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. घाट उतरून सपाट रस्ता आल्यावर गाडी बऱ्यापैकी चालू लागली, पण एखादा ट्रक मागे टाकण्याइतका जोर काही तिच्यात उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा पी०२९९ हा कोड निघाला आणि दोनच मिनिटांत निकालही लागला : टर्बो गेला आहे, नवीन टाकावा लागेल. सांगितलेला खर्च पन्नास हजारांच्या घरात होता. वास्तविक पी०२९९ या कोडचा अर्थ एवढाच असतो की, इंजिनाच्या संगणकाने हवेचा जेवढा दाब मागितला तेवढा त्याला मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाणी कमी येते म्हणून कोणी लगेच पंप बदलत नाही. आधी टाकी पाहतो, व्हॉल्व्ह पाहतो, पाइप कुठे गळतो आहे का ते पाहतो. टर्बोच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा बहुतेकदा सुटतो, आणि तो का सुटू नये हे समजण्यासाठी टर्बो नेमके काय करतो ते आधी पाहावे लागेल.

इंजिनाचा श्वास

इंजिनाची ताकद शेवटी ते किती इंधन जाळू शकते यावर ठरते, आणि इंधन किती जाळता येईल हे त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरते. दीड लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा दीड लिटर हवा आत घेते. म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) मिनिटाला २२५० लिटर, सेकंदाला साधारण ३७.५ लिटर. पुण्यात उन्हाळ्यात एक लिटर हवेचे वजन जेमतेम १.१ ग्रॅम भरते, आणि सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नसल्यामुळे टर्बोविना या इंजिनाला सेकंदाला ३७ ग्रॅमच्या आसपास हवा मिळेल. तीच हवा दुप्पट दाबाने कोंबून, थंड करून आत पाठवली, तर हा आकडा ७३ ग्रॅमच्या जवळ जातो. इंजिन तेवढेच राहते, पण त्यात जवळजवळ दुप्पट इंधन स्वच्छ जळू शकते.

ही कोंबण्याची शक्ती इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त वायूंतून मिळवायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे आहे. सायलेन्सरकडे निघालेला वायू वाटेत एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा ओढून दाबते. छोट्या गाड्यांमध्ये हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत, किंबहुना त्याहूनही वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून अधिक वेळा, आणि तो बॉल बेअरिंगवर नव्हे तर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबल्यामुळे तापलेली हवा पुढे इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनात शिरते.

या वर्णनातून निदानाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट निघते. टर्बो हा एका वर्तुळातला दुवा आहे. हवा कमी आली की इंधन कमी जळते, इंधन कमी जळले की वायू कमी निघतो, वायू कमी निघाला की टर्बो मंद फिरतो आणि हवा आणखी कमी येते. वर्तुळाचा कोणताही भाग बिघडला तरी आकड्यांमध्ये टर्बोच आळशी झाल्यासारखा दिसतो. एअर फिल्टर, होज पाइप, इंटरकूलर, ईजीआर व्हॉल्व्ह, डिझेल फिल्टर, सायलेन्सरच्या वाटेतली गाळणी, या सगळ्यांचे पाप टर्बोच्या माथी मारले जाते ते यामुळे.

आधी इंजिनाबाहेरचे पाहावे

पिकअप गेला या तक्रारीमागे दर वेळी इंजिन असतेच असे नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा झपकन चढतो पण वेग वाढत नाही, अशी स्थिती असेल तर क्लच घसरतो आहे. इंजिन आपले काम चोख करते आहे. वीस किलोमीटर चालवल्यावर एखाद्या चाकाची रिम इतर चाकांपेक्षा बरीच तापलेली लागली, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटला आहे. पायाखालच्या मॅटची घडी पेडलखाली अडकून पेडल पूर्ण दबत नाही, हा प्रकार ऐकायला विनोदी वाटला तरी घडतो. स्कॅनरवर पेडलची टक्केवारी पाहिली की त्याचा उलगडा क्षणात होतो.

तक्रार कधी उद्भवते हेही चालकाने नीट लक्षात ठेवावे, कारण त्यातच निम्मे निदान असते. गाडी खालच्या आरपीएमला जड वाटते पण पुढे सुटते, की सुरुवातीला छान पळते आणि जोर लावला की एकाएकी हात आखडते? चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही काळ ताकद परत येते का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर संगणकाने मुद्दाम ताकद कमी केली होती असे समजायचे. संगणकाला काही आकडे धोक्याचे वाटले की तो इंजिन वाचवण्यासाठी इंधन आणि टर्बोचा दाब दोन्ही आवळतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. लिम्प मोड हा आजार नव्हे, तो संगणकाने घेतलेला पवित्रा आहे, आणि त्यामागचा आजार वेगळाच शोधावा लागतो.

स्कॅनर कोडसाठी नव्हे, आकड्यांसाठी

स्टिअरिंगखाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचे छोटे ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइलवरचे ॲप एवढ्या भांडवलावर बरेच काही कळते. गॅरेजमधल्या मोठ्या स्कॅनरला अधिक गोष्टी दिसतात, विशेषतः संगणकाने किती दाब मागितला होता हा आकडा. साध्या ॲपमध्ये तो अनेकदा मिळत नाही. पण प्रत्यक्षात किती दाब आला आणि किती हवा आत शिरली, हे दोन आकडे बहुतेक गाड्यांत मिळतात आणि माझ्या मते निम्मी लढाई या दोघांवरच जिंकता येते. यातला पहिला आकडा देणाऱ्याला मॅप सेन्सर आणि दुसरा देणाऱ्याला मॅफ सेन्सर म्हणतात. नावे ऐकायला इतकी सारखी आहेत की, यापुढे मी त्यांना दाबाचा सेन्सर आणि हवेचा सेन्सर असेच म्हणतो.

गाडी सुरू करण्यापूर्वी, फक्त चावी फिरवून दाबाचा आकडा वाचावा. इंजिन बंद असल्यामुळे तो बाहेरच्या वातावरणाइतकाच असायला हवा : मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पुण्यात उभी असलेली गाडी जर ११० किंवा ८० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलते आहे आणि त्या खोट्या आकड्यावर विसंबून संगणकाने घेतलेले सगळे निर्णयही चुकीचेच असणार. पैसा न लागणारी, अर्ध्या मिनिटाची ही तपासणी फार थोड्या ठिकाणी होताना दिसते.

पुढची तपासणी रस्त्यावरच करावी लागते. उभ्या गाडीत रेस करून टर्बोची परीक्षा होत नाही, कारण इंजिनावर भार नसतो, भार नसला की इंधन थोडेच जळते आणि टर्बोला फिरवायला पुरेसा वायूच निघत नाही. रिकामा, हलका चढ असलेला रस्ता निवडावा, इंजिन पूर्ण गरम झालेले असावे, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून ३५०० पर्यंत न्यावे आणि आकडे ॲपमध्ये नोंदवून घ्यावेत. मोबाइल शेजारी बसलेल्याच्या हातात असावा, हे वेगळे सांगायला नकोच.

माझ्या गाडीने ३००० आरपीएमला दाखवलेले आकडे असे होते : दाब १२८ किलोपास्कल, हवा सेकंदाला ६८ ग्रॅम. आधीचा पूर्ण हिशोब लक्षात घेतला तर या जोडीतली विसंगती डोळ्यांत भरते. १२८ किलोपास्कल दाबाला हे इंजिन सेकंदाला फार तर ४७ ग्रॅमच्या आसपास हवा गिळू शकते. मग ६८ ग्रॅम हवा एअर फिल्टरमागच्या सेन्सरवरून गेली ती कुठे? उरलेले वीस-एकवीस ग्रॅम वाटेतच बाहेर पडत होते. टर्बो बिचारा जास्तच मेहनत करत होता; त्याने दाबलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचत नव्हती.

काळ्या धुराचाही उलगडा यातच होता. हवेचा सेन्सर गळतीच्या अलीकडे बसलेला असल्याने संगणकाला वाटत होते की ६८ ग्रॅम हवा सिलिंडरमध्ये गेली, आणि तो त्या हिशोबाने डिझेल सोडू देत होता. हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून काजळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर आलेल्या डिझेल गाड्यांत मात्र हा धूर दिसत नाही, कारण डीपीएफ नावाची गाळणी काजळी सायलेन्सरच्या तोंडापर्यंत येऊच देत नाही. तिथे गळतीची पहिली खूण म्हणून गाळणी वारंवार भरू लागते, आणि मालक गाळणीवर खर्च करत बसतो.

दोन्ही आकडे कमी आले तर

गळती असली की हवा भरपूर शिरते पण दाब तयार होत नाही. याउलट हवा आणि दाब दोन्ही कमी दिसत असतील, तर हवा मुळात आतच येत नाही आणि शोध वेगळ्या दिशेने करावा लागतो. एअर फिल्टर उघडून पाहणे हे पहिले काम. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतरापेक्षा बराच आधी भरतो, आणि पावसाळ्यानंतर फिल्टरच्या डब्यात उंदराने आणून ठेवलेला कापूस, शेंगांची टरफले निघणे हे आपल्याकडे नवलाचे नाही. फिल्टर स्वच्छ असेल तर ईजीआर व्हॉल्व्हकडे वळावे. धुरातले काही वायू परत इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान आटोक्यात ठेवणारा हा व्हॉल्व्ह पूर्ण जोर लावताना बंद असायला हवा. काजळीने तो उघडाच अडकला, तर सिलिंडरमध्ये ताज्या हवेची जागा धूर घेतो आणि टर्बोला फिरवण्यासाठी जायला हवा होता तो वायूही आडवाटेने निघून जातो. ताकद दोन्ही बाजूंनी मार खाते.

त्यानंतर येतो टर्बोला आज्ञा देणारा भाग, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण डिझेल गाड्यांतल्या कितीतरी धडधाकट टर्बोंचा बळी याच्या अज्ञानातून गेला आहे. बहुतेक आधुनिक डिझेल टर्बोंमध्ये धुराच्या चक्राभोवती हलणाऱ्या पात्यांची एक कडी असते. पाती मिटली की वायूची वाट अरुंद होते, त्याचा वेग वाढतो आणि कमी आरपीएमलाही टर्बो चांगला फिरतो. वरच्या आरपीएमला पाती उघडतात, नाहीतर दाब प्रमाणाबाहेर जाईल. पाती हलवणारा रॉड ॲक्टुएटर नावाच्या डबीतून येतो. काही गाड्यांत ही डबी विजेवर चालते, पण अनेक गाड्यांत ती निर्वातावर, म्हणजे व्हॅक्युमवर चालते. कॅमशाफ्टवर चालणारा पंप व्हॅक्युम तयार करतो, विजेवरचा छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह तो मोजून मापून डबीला देतो, आणि या सर्वांना जोडणारी नळी सलाइनच्या नळीपेक्षा फारशी जाड नसते. इंजिनाच्या उष्णतेने आठ-दहा वर्षांत ती कडक होते, टोकाला चिरते आणि व्हॅक्युम निसटतो. व्हॅक्युम नसला की पाती सुरक्षिततेसाठी उघडी राहतात, गाडी खालच्या आरपीएमला मेल्यासारखी चालते. आवाज नाही, ऑइल नाही, काही नाही. नळीचा खर्च शंभर रुपयांच्या आत.

याची तपासणी दोघांनी मिळून सहज होते. बॉनेट उघडून एकाने टर्बोजवळच्या रॉडवर टॉर्च धरावा, दुसऱ्याने गाडी सुरू करावी. अशा रचनेत गाडी सुरू होताच रॉड सुमारे एक सेंटिमीटर ओढला गेलेला दिसायला हवा आणि गाडी बंद करताच परत यायला हवा. रॉड हललाच नाही तर प्रश्न उरतो की व्हॅक्युम येत नाही की पाती अडकली आहेत. मिस्त्रीकडे हाताने चालवायचा व्हॅक्युम पंप असेल तर तो थेट डबीला जोडून पाहावे. रॉड सावकाश, न अडखळता सरकला आणि पंपाचा काटा जागेवर टिकून राहिला, तर डबी आणि पाती दोन्ही ठीक आहेत, दोष मागच्या नळीत, सोलेनॉइडमध्ये किंवा पंपात आहे. काटा घसरत असेल तर डबीतला पडदा फाटला आहे. काटा टिकतो पण रॉड झटके देत सरकतो, तर पात्यांवर काजळी बसली आहे. ज्या गाड्यांत ब्रेकचा बूस्टरही याच पंपावर चालतो, त्यांत पंप थकला असेल तर ब्रेकचे पेडलही कडक लागते. ही जोडतक्रार असेल तर चालकाने ती आवर्जून सांगावी.

पाती अडकण्याचे दोन प्रकार चालकाला वेगवेगळे जाणवतात. उघडी अडकली तर सुरुवातीचा जोर जातो. मिटलेली अडकली तर सुरुवात झकास होते, पण महामार्गावर जोर लावताच दाब मर्यादेबाहेर जातो, पी०२३४ हा जादा दाबाचा कोड पडतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते. चावी बंद-चालू केली की पुन्हा ठीक, पुढच्या चढावर पुन्हा तेच. वर्षानुवर्षे शहरातल्या गर्दीत दीड हजार आरपीएमवर फिरणाऱ्या गाड्यांना हा त्रास अधिक होतो, कारण पात्यांना पूर्ण उघडझाप करण्याची वेळच येत नाही आणि न हललेल्या भागावर काजळी घट्ट बसते. पाती साफ होऊ शकतात. त्यासाठी टर्बो उतरवावा लागतो, पण दर वेळी बदलावा लागत नाही.

धुराची वाट आणि डिझेलची वाट

टर्बोचे धुराकडचे चक्र फिरते ते त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडे डीपीएफ किंवा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला, तर फरक कमी होतो आणि टर्बो कितीही चांगला असला तरी वेग घेत नाही. डीपीएफच्या दोन्ही बाजूंना जोडलेला सेन्सर गाळणीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक दाखवतो. इंजिन बंद असताना तो शून्य असायला हवा. तसा नसेल तर आधी सेन्सर आणि त्याच्या नळ्या तपासाव्यात. गाळणीत साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्यासाठी सलग काही वेळ गाडी चालावी लागते. घर ते ऑफिस चार किलोमीटर, आणि जाळण्याची प्रक्रिया सुरू झाली की नेमके तेव्हाच पार्किंग आले, असे रोज घडत राहिले तर गाळणी भरणारच. डिझेलची बीएस-६ गाडी फक्त अशा वापरासाठी घेऊ नये, हे विक्रेत्याने आधी सांगायला हवे. सहसा तो सांगत नाही.

आता उलट परिस्थिती. दाब पुरेसा येतो, हवाही पुरेशी, तरीही गाडी ओढत नाही. मग हवेचा नाद सोडून डिझेलकडे पाहावे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते अशा इंजिनात, आयडलिंगला डिझेलचा दाब २५० ते ३०० बारच्या (एक बार म्हणजे १०० किलोपास्कल) आसपास असतो आणि पूर्ण जोर लावताना तो १६०० बार किंवा त्याहून वर जातो. डिझेल फिल्टर तुंबलेला असेल तर हळू चालवताना काहीच कळत नाही, कारण थोडे डिझेल तो जाऊ देतो. भार आला की मागणी वाढते, प्रत्यक्ष दाब मागितलेल्या दाबाच्या मागे पडतो आणि पी००८७ कोड येतो. फिल्टर शेवटचा कधी बदलला याची पावती शोधणे हे इथले पहिले निदान आहे. पावसाळ्यात फिल्टरमधले पाणी काढून टाकणे हे दुसरे. नोझल आणि हाय प्रेशर पंप यांच्याकडे त्यानंतर जावे.

पेट्रोल टर्बोचे काही दुखणे वेगळे असते. तिथे दाब बहुधा वेस्टगेट नावाच्या झडपेने आवरला जातो. ही झडप नीट बसत नसेल तर वायू चक्राला वळसा घालून निघून जातो. शिवाय सिलिंडरमध्ये हवा जितकी घट्ट, तितकी ठिणगी पडायला अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे झिजलेला स्पार्क प्लग किंवा दमलेली इग्निशन कॉइल शांत चालताना निभावून नेते आणि जोर लावताच गचके देते. टर्बो गेला म्हणून आलेल्या अशा गाडीला चार प्लग पुरतात.

टर्बो खरोखर गेला आहे हे कसे ओळखावे

टर्बो जातच नाही असे नाही. हवेकडचा होज पाइप काढून चक्राच्या मधल्या नटाला बोटाने धरून हलवावे, अर्थात गाडी पूर्ण थंड झाल्यावर. आडवा किंचित खेळ असणारच, कारण दांडा ऑइलच्या थरावर तरंगण्यासाठी बनवलेला आहे आणि गाडी बंद असताना तो थर नसतो. शाफ्टला प्ले आहे एवढ्यावरून टर्बो बाद ठरवणे चूक आहे. पण दांडा पुढे-मागे सरकत असेल, पाती बाहेरच्या घराला घासल्याच्या खुणा दिसत असतील, पात्यांच्या कडा धुळीने खाल्ल्या असतील, तर टर्बो संपला. चालताना सायरनसारखा चढत जाणारा आवाज आणि निळा धूर ही बाहेरची लक्षणे. होज पाइपच्या आत ऑइलचा पातळ ओलसर थर मात्र काळजीचा नसतो, तो इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली ऑइलमिश्रित वाफ हवेच्या वाटेत सोडणाऱ्या नळीतून, आलेला असतो. पाइप उलटा केल्यावर ऑइल ओघळून पडले तर गोष्ट वेगळी.

अशा वेळी गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे. सील फुटून ऑइल भरपूर प्रमाणात इंजिनात शिरू लागले, तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत बेफाम पळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत तेव्हा वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा आणि इंजिन कोंडून बंद पाडावे.

नवीन टर्बो बसवण्याआधी जुना का गेला याचे उत्तर मिळालेच पाहिजे. ऑइल आणणारी बारीक नळी जळून चिकट झालेल्या ऑइलने अर्धी बुजली असेल, तर नवा टर्बोही उपाशी मरेल. तुटलेल्या पात्यांचे कण इंटरकूलरमध्ये राहिले असतील, तर ते आज ना उद्या इंजिनात जातील. नळी बदलणे, इंटरकूलर धुणे आणि ऑइल व त्याचा फिल्टर नवा टाकणे, ही कामे बिलात दिसत नसतील तर मालकाने विचारावे.

माझ्या गाडीत यातले काही नव्हते. आकड्यांनी गळती सांगितली होती, तरी ती डोळ्यांना दिसेना. दुसऱ्या एका मिस्त्रीने गाडी रॅम्पवर घेतली, एअर फिल्टरकडचे तोंड बंद करून नियामक लावलेल्या कॉम्प्रेसरने अर्ध्या बारहून थोडी अधिक हवा भरली (टायरवाल्याकडच्या आठ बारच्या नळीने हे करू नये, होज आणि सेन्सर दोन्ही जातात) आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी शिंपडले. क्लिपांपाशी एकही बुडबुडा आला नाही. मग इंटरकूलरकडून वर येणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला, जिथे एक लोखंडी पट्टी जेमतेम स्पर्श करत होती, तिथे फसफसून फेस आला. जागा पुसून पाहिली तर रबर काळे, तेलकट आणि वरवर अखंड होते. होज हातात घेऊन वाकवला तेव्हा बोटाएवढी लांब चीर उघडली आणि सोडल्यावर पुन्हा मिटली. आयडलिंगला ती मिटलेलीच राहत होती, म्हणून बॉनेट उघडून पाहणाऱ्या कोणालाही ती दिसणे शक्य नव्हते. दाब चढला की तोंड उघडे, दाब उतरला की बंद.

नवा होज दोन हजारांच्या आत आला. पट्टी किंचित वाकवून तिच्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, कोड पुसला आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा आकडे घेतले, कारण कोड पुसला की दिवा विझतो, दुरुस्ती झाली हे त्यावरून सिद्ध होत नाही. ३००० आरपीएमला दाब १९८ किलोपास्कल होता, हवा सेकंदाला ७२ ग्रॅम. जुना टर्बो तोच आहे. त्यानंतर गाडी खंबाटकी पुन्हा तिसऱ्या गिअरवर चढते.